पत्त्यांतला गुलाम

दलित चळवळीवर पत्त्यांचा सचित्र कॅट काढावा, अशी कल्पना आमच्या अभ्यासमंडळातल्या काही विद्यार्थ्यांनी मांडली. मी चित्रकला शिकवतो, म्हणून काम माझ्याकडे आले. त्यांची यादी तयारच होती. चार बादशहा म्हणजे बुद्ध, जोतीराव, शाहू महाराज, बाबासाहेब. राण्यांमध्ये सावित्रीबाई, रमाई. मी विचारले, गुलामावर कोणाचे चित्र काढायचे? यादी तिथेच अडली. एकजण म्हणाला, मनूचे काढा. पण मनूला गुलाम केला तरी गुलाम ही पायरी शिल्लक राहतेच, आणि बाबासाहेबांना बादशहा केले तर ज्या उतरंडीविरुद्ध ते आयुष्यभर लढले तिच्याच माथ्यावर आपण त्यांना बसवतो.

पत्त्याचे चित्र ही वरवरची सजावट नाही. कोण कोणाला मारतो हे ते सांगते. आपण ज्याला गुलाम म्हणतो त्याला फ्रेंच लोक चाकर म्हणतात. मराठीत आडपडदाही नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली व ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली; पारावरच्या डावात मात्र हा शब्द आजही सहज फेकला जातो.

आपल्याकडचा जुना खेळ गंजिफा. मोगली गंजिफ्यात आठ रंग आणि ९६ पाने. त्यातला एक अख्खा रंगच गुलामांचा. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी हाताने रंगवलेली दशावतारी गंजिफा १२० पानांची असते. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. ह्या दहांत नववा बुद्ध, कधी त्याच्या जागी विठ्ठल किंवा जगन्नाथ. बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, अशी प्रतिज्ञा आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतली. म्हणजे त्या खेळातले एक पान आपण कायमचे नाकारलेले आहे. तरीही तिच्यात शिकण्यासारखे एक आहे. पाच रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाचांत नेमके उलटे. साध्या पानांची उतरंड अशी पालथी होऊ शकते. राजा आणि प्रधान मात्र दहाही रंगांत वरच. उलथापालथ होते ती खालच्यांची आपापसात! (ह्यावर वेगळा लेख होईल.)

राजालाच पत्त्यांतून काढण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. १७९३ साली सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला आणि पत्त्यांतल्या मुकुटांवरही गदा आली. झोम आणि द्युगूर यांनी नवा कॅट काढला. त्यात बादशहांच्या जागी युद्ध, शांतता, कला व व्यापार यांच्या अधिदेवता. राण्यांच्या जागी चार स्वातंत्र्ये. गुलामांच्या जागी चार समता. एक्क्यावर कायदा. चौकटच्या गुलामाच्या जागी वर्णसमता आली, आणि तिचे चित्र म्हणजे हाती बंदूक घेतलेला एक काळा माणूस. फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली ती ४ फेब्रुवारी १७९४ रोजी. पुढे १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा आणली. पत्त्यांतले बादशहाही परतले.

मला ह्या कॅटविषयी आदर आहे, पण त्यातली गोम लक्षात घ्या. चित्रे बदलली, खेळाचे नियम तेच राहिले. अधिदेवता स्वातंत्र्याला मारते, स्वातंत्र्य समतेला मारते. समता सगळ्यांत खाली, कारण ती गुलामाच्या जागेवर बसवलेली!

तेव्हा कॅट रेखाटण्याआधी खेळ निवडला पाहिजे. केरळात ‘अठ्ठावीस’ नावाचा खेळ खेळतात. त्यात सात ते एक्का अशी ३२च पाने लागतात. सर्वांत वरचा गुलाम, त्याचे गुण ३. मग नव्वा, २. मग एक्का आणि दहा, प्रत्येकी १. बादशहा आणि राणी त्यांच्याखाली, गुण शून्य. एका रंगाचे सात, चार रंगांचे अठ्ठावीस. स्वित्झर्लंडच्या ‘यास’ खेळातही हुकमाचा गुलाम सर्वांत वरचढ, आणि त्याला तिथे शेतकरी म्हणतात. उतरंड उलटणारे नियम कोणी क्रांतिकारकाने केलेले नाहीत. साध्या खेळणाऱ्यांनी ते केले आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकवले.

ह्या खेळासाठी मी चार रंग योजले आहेत: पाणी, अक्षर, जमीन, धम्म. खुणा अनुक्रमे घागर, पाटी, फाळ, पिंपळपान. खूण नखाएवढी लहान केली तरी ओळखू यावी लागते, म्हणून जास्त बारकावे चालत नाहीत. महापुरुषांचे चेहरे मी कुठेच घेतलेले नाहीत. पत्त्यावरचे चित्र दोन्हीकडून सरळ दिसावे म्हणून ते दुतोंडी काढतात. म्हणजे अर्धे चित्र कायम उलटे. शिवाय पान आपटले जाते. बाबासाहेबांना कोणी आपटावे?

एक्क्यावर कायदा आहे, आणि तो तिसऱ्या क्रमांकावर आहे हे मला योग्य वाटते. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ सालीच झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला दुजोरा दिला. पाणी मात्र ओंजळीत आले २० मार्च १९२७ रोजी, माणसे चवदार तळ्यावर चालत गेली तेव्हा. उच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर दहा वर्षांनी, १९३७ मध्ये. म्हणून ‘पाणी’च्या गुलामाच्या जागी तळ्यात उतरलेली बाई आहे, ‘अक्षर’मध्ये १८४८च्या पुण्यातल्या शाळेची मुलगी, ‘जमीन’मध्ये १९६४च्या भूमिसत्याग्रहातला शेतमजूर, ‘धम्म’मध्ये नागपूरला पायी निघालेला म्हातारा.

पाने हातात पंख्यासारखी धरली की फक्त कोपरा दिसतो. ‘गुलाम’ हा शब्द तिथे नको होता. कॅटमध्ये सातच्या खालची पाने नाहीत, त्यामुळे त्याच्या कोपऱ्यात ३ हा आकडाच घातला. गोंधळ होत नाही. बादशहाच्या कोपऱ्यात शून्य. त्याच्यावर पाणवठ्याचे कुलूप, शाळेचे बंद दार, सावकाराची वही आणि पोथी आहे. राणीलाही ह्या खेळात शून्यच मिळते. तिच्यावर काय काढावे हे कार्यकर्त्या स्त्रियांनी सांगावे. तोवर तिचा कोपरा मी कोरा ठेवला आहे.