विश्लेषण : तिकीट ‘क्लोज’ झाले, तरी पगारातली चूक कायम कशी?

समजा, कळमेश्वर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पगारपत्रक काढताना ओव्हरटाइमचे पैसे कमी दिसले. अकाउंटंटने सॉफ्टवेअर कंपनीकडे तक्रार केली. चार दिवसांनी तिकिटासमोर ‘क्लोज्ड’ आले, पण कामगाराच्या हातातला आकडा तोच! कोणी खोटे बोलले का? तसे असेलच असे नाही. अनेकदा तिकीट आणि कोड यांची गाठच चुकीच्या जागी बांधलेली असते.

तिकीट म्हणजे काय, पुल रिक्वेस्ट म्हणजे काय?

तिकीट ही कामाची नोंद : काय बिघडले, कोणाकडे दिले, कुठवर आले. ती जिरासारख्या टूलमध्ये किंवा गिटहबवर ‘इश्यू’ म्हणून असते. (२००२ मध्ये आलेल्या जिराचे नाव ‘गोजिरा’, म्हणजे जपानी गॉडझिलावरून पडले आहे.) पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘मी कोडमध्ये हा बदल केलाय, तपासा आणि मुख्य कोडमध्ये घ्या’ अशी डेव्हलपरची विनंती.

कोड एकाच रिपॉझिटरीत असेल तर जोडणी सोपी. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘फिक्सेस #१४२’ असे (अर्थात इंग्रजी अक्षरांत) लिहायचे. बदल मर्ज झाला की गिटहब १४२ क्रमांकाचा इश्यू आपोआप बंद करते.

कोड अनेक ठिकाणी असेल तर?

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या. त्याचा पाया असलेले फ्रॅपे फ्रेमवर्क एका रिपॉझिटरीत, हिशेब आणि साठा दुसरीत. २०२२ च्या आवृत्ती १४ पासून पगार-हजेरीचा भागही ‘एचआरएमएस’ या तिसऱ्या रिपॉझिटरीत गेला. अशा रचनेत तक्रार एक असली तरी दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागू शकते.

पहिला घोळ क्रमांकांचा. प्रत्येक रिपॉझिटरीचे आकडे स्वतंत्र असतात. ‘एचआरएमएस’मधला १४२ क्रमांकाचा इश्यू फ्रॅपेच्या पुल रिक्वेस्टमध्ये नुसता ‘#१४२’ लिहिला, तर तो फ्रॅपेतल्याच १४२ ला चिकटतो, जो भलताच काहीतरी असतो. म्हणून ‘फ्रॅपे/एचआरएमएस#१४२’ असा पूर्ण पत्ता लागतो.

दुसरा घोळ जास्त महागात पडतो. दोन्ही पुल रिक्वेस्टमध्ये ‘फिक्सेस’ लिहिले, तर पहिली मर्ज होताच इश्यू बंद. दुसरी तपासणीत अडकली आहे, हे तिकीट पाहणाऱ्याला कळतच नाही. यावर साधा उपाय आहे : आधीच्या पुल रिक्वेस्टमध्ये फक्त उल्लेख करा, ‘फिक्सेस’ शेवटी मर्ज होणाऱ्या एकीतच लिहा. किंवा मुख्य इश्यूखाली प्रत्येक रिपॉझिटरीसाठी वेगळा उप-इश्यू काढा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण शेवटी कोणती मर्ज होईल हे आधी कोणाला माहीत असते?

तिसरी गोष्ट शाखांची. ‘फिक्सेस’चा परिणाम मुख्य शाखेपुरताच. ईआरपीनेक्स्टची मुख्य शाखा ‘डेव्हलप’ आहे. ग्राहक मात्र स्थिर आवृत्ती वापरतात. तो बदल स्थिर शाखेत वेगळा न्यावा लागतो, याला बॅकपोर्ट म्हणतात. म्हणजे इश्यू बंद झाल्यावरही कारखान्यापर्यंत दुरुस्ती पोहोचायची बाकी असू शकते.

जिरात काय वेगळे?

जिरात प्रत्येक तिकिटाला ‘पे-१४२’ सारखी की असते. ती शाखेच्या नावात, कमिट मेसेजमध्ये किंवा पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात टाकली की जिराशी जोडलेल्या सगळ्या रिपॉझिटरींतले काम एकाच तिकिटावर दिसते. पण नुसत्या की-मुळे तिकीट पुढे सरकत नाही. त्यासाठी ऑटोमेशनचा नियम लावावा लागतो. तो ‘पुल रिक्वेस्ट मर्ज झाली की डन’ एवढाच असेल, तर पुन्हा तोच पगारपत्रकाचा घोळ. ‘एकही पुल रिक्वेस्ट उघडी नसेल तर’ ही अट सोबत हवीच.

माझ्या पहिल्या नोकरीत आमचे कमिट मेसेज ‘फायनल फिक्स’, ‘फायनल फिक्स २’ असे असायचे. सहा महिन्यांनी त्यातला कोणता बदल कशासाठी होता, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. की टाकायची राहून गेली असेल तर पुल रिक्वेस्टचे शीर्षक नंतर बदलता येते. मर्ज झालेल्या कमिटचा मेसेज बदलायचा म्हणजे मात्र सगळ्या टीमचा इतिहास पुन्हा लिहिणे आले.