उजेडाची जागा

नाशिकहून दिंडोरीच्या रस्त्याला लागलं, की रामशेजचा डोंगर दिसतो आणि पुढे द्राक्षबागा सुरू होतात. हा परिसर जलरंगात उतरवायचा, तर आधी एक गोष्ट शिकावी लागते. इथं पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. म्हणून फिकटाकडून गडदाकडे जायचं. ओल्या कागदावर आधी दूरचे निळसर डोंगर. तो थर वाळला, की मग वेलींच्या हिरव्या ओळी. घाई केली, तर डोंगर बागेत उतरतो!

एकदा माझ्या प्रदर्शनात एक बागायतदार एका चित्रापुढे बराच वेळ उभे होते. चित्रात जानेवारीतली बाग आणि वर भरून आलेलं आभाळ. त्या ढगावर मी स्वतः खूश होतो. ते हळूच म्हणाले, ‘‘चाचा, हा ढग काढता येईल का?’’

मण्यांत साखर भरत असताना अवकाळी पाऊस झाला, की मणी तडकतात, घड कुजतात. ऑक्टोबरच्या छाटणीपासूनची मेहनत आणि कर्जाचा हप्ता, दोन्ही त्या ढगाखाली असतात.

कागदात मुरलेला रंग पुरता निघत नाही. ढग तसाच राहिला. पुढच्या चित्रात मात्र आभाळाची जागा मी कोरी सोडली.