बेकायदा मूळसंख्या आणि शस्त्रांच्या यादीतला टी-शर्ट
संगणक आणि कायदा : लेखांक ९

सॉफ्टवेअरवर निर्बंध घालणारा एखादा नियम जाहीर झाला, की निवेदने आणि याचिका यांच्या आधी संगणकतज्ज्ञांच्या जगातून बहुधा थट्टा येते. आणि ही थट्टा रिकामपणाचा उद्योग म्हणून सोडून दिली जात असली, तरी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत तिने जे काम केले, ते पाहता तिला युक्तिवादाचा एक स्वतंत्र प्रकार मानावे लागते. याचे कारण प्रोग्रॅमच्या दुहेरी स्वरूपात आहे. प्रोग्रॅम लिहिणारा जो मजकूर लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो इतरांना वाचता येतो, त्यावर टीका करता येते, तो पुस्तकात छापता येतो, आणि तोच मजकूर कंपायलर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन केला, की त्याचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर होऊन तो प्रत्यक्ष काम करू लागतो. कायद्याने मात्र लेखनाला एक वागणूक आणि यंत्राला दुसरी वागणूक ठरवून दिलेली असते, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही असणारी वस्तू समोर आली की त्याची पंचाईत होते.

ही पंचाईत प्रथम उघड झाली ती एन्क्रिप्शनच्या, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्यासाठी तो किल्लीने कुलूपबंद करण्याच्या शास्त्रात. दुसऱ्या महायुद्धापासून हे शास्त्र लष्कराच्या ताब्यातले मानले जाई, आणि म्हणून अमेरिकेच्या शस्त्रास्त्र-निर्यात नियमांत रणगाडे आणि क्षेपणास्त्रे यांच्या बरोबरीने एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरचाही समावेश होता. परराष्ट्र खात्याच्या परवान्याविना ते देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा होता. १९९१ साली फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाचा, सामान्य माणसाला आपली ईमेल गुप्त ठेवता येईल असा प्रोग्रॅम मोफत उपलब्ध करून दिला, तो इंटरनेटवरून पाहता पाहता देशाबाहेर पोहोचला, आणि १९९३ पासून झिमरमन यांची फौजदारी चौकशी सुरू झाली. सीमाशुल्काच्या नाक्यावरून एकही खोके बाहेर गेले नव्हते, तरी प्रश्न शस्त्राच्या निर्यातीचा होता.

या पार्श्वभूमीवर १९९४ साली फिल कार्न या अभियंत्याने जे केले, त्यात वरकरणी विनोद औषधालाही सापडत नाही. ब्रूस श्नायर यांचे ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ हे पुस्तक नुकतेच प्रसिद्ध झाले होते आणि त्याच्या शेवटी अनेक एन्क्रिप्शन पद्धतींचे सोर्स कोड छापलेले होते. हे पुस्तक निर्यात करण्यास परवाना लागतो काय, अशी रीतसर विचारणा कार्न यांनी परराष्ट्र खात्याकडे केली, आणि पुस्तक सार्वजनिक असल्यामुळे ते नियमांच्या कक्षेत येत नाही, असे उत्तर आले. मग त्यांनी दुसरा अर्ज केला: त्याच पुस्तकातील तोच सोर्स कोड ज्या फ्लॉपी डिस्कवर उतरवला आहे, तिचे काय? खात्याने कळवले की फ्लॉपी हे शस्त्र आहे. कारण असे देण्यात आले की फ्लॉपीवर प्रत्येक पद्धत वेगळ्या फाइलमध्ये असल्याने ती थेट कंपाइल करता येते. म्हणजे कागदावरची अक्षरे ज्ञान होती, तीच अक्षरे चुंबकीय चकतीवर गेली की युद्धसामग्री होत होती, आणि या दोन अवस्थांत जो काही फरक होता तो एखाद्या चिकाटीच्या टंकलेखकाच्या काही दिवसांच्या कामाएवढा होता. कार्न यांनी खटला भरला. १९९६ साली जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. तरीही या संपूर्ण परंपरेतील सर्वांत उत्तम विनोद हाच म्हणावा लागेल, कारण त्यातले हास्यास्पद वाक्य विनोदकाराने लिहिलेले नाही, ते सरकारी टपालाने आले.

कार्न यांच्या अर्जांनंतर पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील अ‍ॅडम बॅक यांनी या भेदाला अधिक उघड रूप दिले. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेली आणि त्यांच्या आद्याक्षरांनी आरएसए म्हणून ओळखली जाणारी पद्धत, ज्यात कुलूप लावण्याची किल्ली जगजाहीर असते आणि उघडण्याची फक्त मालकाजवळ असते, ती पर्ल या संगणकीय भाषेत अवघ्या तीन ओळींत बसवता येते, हे दाखवून दिले गेले, आणि त्या ओळी ईमेलच्या शेवटी सहीसारख्या जोडण्याची टूम निघाली. नंतर त्या टी-शर्टवर छापल्या गेल्या. हा सदरा शस्त्र म्हणून वर्गीकृत असून तो देशाबाहेर नेण्यास किंवा परकीय नागरिकाला दाखवण्यास मनाई आहे, अशा अर्थाची सूचनाही त्यावर होती. केवळ वाचनीय मजकुराला पुस्तकाची सूट मिळेल, ही पळवाट बंद करण्यासाठी तो कोड यंत्राला वाचता येईल अशा बारकोडच्या रूपातही छापला होता. एका उत्साही व्यक्तीने तर तो दंडावर गोंदवून घेतला, आणि मग विमानतळावर परवाना कोणी दाखवायचा, हाताने की माणसाने, हा प्रश्न शिल्लक राहिला.

पीजीपीच्या पाठीराख्यांनी कार्न यांना मिळालेले उत्तर शब्दशः अमलात आणले. १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपीचा सोर्स कोड पुस्तकरूपाने छापला. पुढे १९९७ साली नव्या आवृत्तीचा कोड अशाच ग्रंथांतून कायदेशीरपणे युरोपात गेला, तेथे स्वयंसेवकांनी हजारो पाने स्कॅन करून, चुका दुरुस्त करून त्यांचा पुन्हा प्रोग्रॅम केला. तत्पूर्वी, १९९६ च्या जानेवारीत, झिमरमन यांच्यावरील चौकशी आरोप न ठेवताच थांबली होती. बर्कलेतील संशोधक डॅनियल बर्नस्टाइन यांच्या खटल्यात त्याच वर्षी न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी सोर्स कोड हे घटनेने संरक्षण दिलेले भाषण आहे असे मान्य केले, आणि २००० च्या जानेवारीत सरकारने निर्बंध बरेचसे सैल केले. हे सारे टी-शर्टमुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परदेशी स्पर्धकांकडे बाजार चालला म्हणून अमेरिकी कंपन्या जो दबाव आणत होत्या, त्याचा वाटा मोठा होता. थट्टेने एवढेच केले, की नियमाचे समर्थन करणाऱ्याला प्रत्येक वेळी आधी सदऱ्याचा खुलासा करावा लागे.

दुसरे प्रकरण अधिक गमतीचे आहे, आणि त्यात थट्टेची मर्यादाही दिसते. डीव्हीडीवरील चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून त्यावर सीएसएस नावाचे कुलूप असे, ज्याच्या किल्ल्या फक्त परवानाधारक उत्पादकांना मिळत. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ते उघडणारा डीसीएसएस हा छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला. तो प्रसृत करणाऱ्यांत यॉन लेक योहान्सेन हा पंधरा वर्षांचा नॉर्वेजियन मुलगा होता. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने असे कुलूप तोडणारे साधन पुरवणे हाच गुन्हा ठरवला होता, मग त्याने कोणी नक्कल केलेली असो वा नसो. चित्रपट कंपन्यांनी तो प्रोग्रॅम प्रसिद्ध करणाऱ्या ‘२६००’ या नियतकालिकाविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दावा लावला.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड टुरेट्स्की यांनी या वेळी एक दालन उघडले आणि त्यात कुलूप उघडण्याची तीच रीत शक्य तितक्या रूपांत मांडली: प्रत्यक्ष चालणारा कोड, त्याचे चित्र, साध्या इंग्रजीत ओळीओळीने केलेले वर्णन, टी-शर्ट. कोणत्या पायरीवर भाषण संपते आणि साधन सुरू होते ते न्यायालयाने सांगावे, असा त्याचा रोख होता, आणि टुरेट्स्की यांनी खटल्यात साक्षही दिली. सेथ शोएन यांनी पुढे तीच रीत साडेचारशेहून अधिक हायकूंच्या मालिकेत गुंफली. पाच, सात, पाच अक्षरावयवांच्या कडव्यांत गणिती कोष्टके बसवण्याचे ते काम काव्य म्हणून किती सरस आहे याबद्दल मतभेद होऊ शकतील. परंतु ती कविता नीट वाचून कोणीही प्रोग्रॅम लिहू शकेल, यात शंका नाही.

या सर्वांवर कडी केली ती २००१ च्या मार्चमध्ये फिल कारमडी यांनी, आणि त्यांची युक्ती सविस्तर पाहण्यासारखी आहे. संगणकातील प्रत्येक फाइल ही बाइटांची रांग असते. प्रत्येक बाइट ० ते २५५ यांपैकी एक अंक मानला, तर संपूर्ण फाइल ही २५६ पायाच्या अंकलेखनातील एक प्रचंड संख्या होते. कारमडी यांनी डीसीएसएसचा सोर्स कोड जीझिप या पद्धतीने आवळून अशी संख्या मिळवली. जीझिपची फाइल उलगडताना शेवटी चिकटलेले जादा बाइट दुर्लक्षित होतात, म्हणून त्या संख्येच्या मागे दोन बाइट जोडले तरी आतील प्रोग्रॅम अबाधित राहतो. आणि दोन बाइट जोडण्याचे ६५,५३६ पर्याय असतात. सुमारे १,४०० अंकी संख्यांच्या परिसरात सरासरी ३,२०० संख्यांमागे एक मूळसंख्या, म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी संख्या, सापडते. तेव्हा एवढ्या पर्यायांत मूळसंख्या न मिळती तरच नवल होते. त्यांना १,४०१ अंकांची मूळसंख्या मिळाली, जी उलगडली की प्रोग्रॅम बाहेर पडतो. पण नुसती मूळसंख्या कोणी छापण्याचे कारण नव्हते, कारण तेवढ्या मोठ्या मूळसंख्या पैशाला पासरी आहेत. म्हणून त्यांनी २११ बाइट जोडून १,९०५ अंकी मूळसंख्या शोधली, जी एका विशिष्ट पद्धतीने सिद्ध झालेल्या मूळसंख्यांत त्या वेळी दहाव्या क्रमांकाची मोठी ठरली आणि त्यामुळे विक्रमी मूळसंख्यांच्या यादीत निव्वळ गणिती गुणवत्तेवर दाखल झाली. कायद्याने जे छापू नये असे म्हटले होते, ते गणिताच्या नोंदवहीत जाऊन बसले.

न्यायालय मात्र हसले नाही. न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी २००० च्या ऑगस्टमध्ये आणि अपील न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरमध्ये कोड ही अभिव्यक्ती आहे हे मान्य केले, पण तो कामही करतो, आणि त्या कामापुरते नियमन आशयावरील बंदी ठरत नाही, असे सांगून मनाई कायम ठेवली. हा निवाडा अनेकांना रुचला नाही, तरी त्यातले तर्कशास्त्र कच्चे नव्हते. सर्व काही संख्याच आहे, संख्येवर बंदी घालता येत नाही, म्हणून कशावरच बंदी घालता येत नाही, हा मूळसंख्येतील गर्भित युक्तिवाद गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो. त्याच न्यायाने चोरलेला पासवर्ड किंवा कोणाचा खासगी वैद्यकीय अहवालही संख्याच ठरेल. कार्न यांच्या अर्जात हा दोष नव्हता: त्यांनी तत्त्व मांडलेच नाही, फक्त दोन वस्तू शेजारी ठेवल्या. योहान्सेन यांना नॉर्वेतील न्यायालयांनी २००३ मध्ये दोनदा निर्दोष ठरवले, पण ते स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी पाहण्याचा हक्क मानून. हायकूंचा त्यात संबंध नव्हता.

२००७ साली हाच खेळ नव्या पिढीच्या डिस्कसाठी पुन्हा झाला. तेथील कुलपाची एक किल्ली, सोळा बाइटांची संख्या, बाहेर फुटली आणि ती काढून टाकण्याच्या नोटिसा निघाल्या. १ मे रोजी डिग या संकेतस्थळाने ती गाळायला सुरुवात करताच वापरकर्त्यांनी पहिले पानच तिने भरून टाकले आणि चालकांनी हात टेकले. पडद्यावरचा कोणताही रंग तांबडा, हिरवा, निळा अशा तीन बाइटांनी ठरतो, हे ध्यानात घेऊन एकाने त्या संख्येचे पाच रंगपट्ट्यांचा झेंडा हे रूप तयार केले; उरलेला सोळावा बाइट कोपऱ्यात अक्षरांनी लिहावा लागला, हे थोडे बेढब दिसते.

भारतात या शास्त्राची थट्टा बराच काळ नियमांनी स्वतःच केली. इंटरनेट सेवा पुरवठादारांच्या परवान्यात पूर्वपरवानगीविना फक्त ४० बिटपर्यंतच्या किल्लीला मुभा होती, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता, ज्या तपासून कुलूप उघडण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये १९९५ सालीच सुमारे आठ दिवसांत यशस्वी झाला होता. आणि मुंबईतील रिझर्व्ह बँक मात्र २००१ पासून इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांचा आग्रह धरत होती. बँकेचे ऐकावे तर परवान्याचा भंग, परवान्याचे ऐकावे तर खातेदार उघड्यावर, अशी ही अवस्था कोणी फारशी मनावर घेतली नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला आणि त्यात नागरिकांनीही पाठवलेल्या गुप्त संदेशांची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी असे कलम निघाले, तेव्हा समाजमाध्यमांवर थट्टेला उधाण आले. समाजमाध्यमे आणि व्हॉट्सअ‍ॅप यांना वगळल्याचा खुलासा लगेच करण्यात आला आणि २२ सप्टेंबरला संपूर्ण मसुदाच मागे घेण्यात आला. टी-शर्ट छापून होण्याइतकाही तो टिकला नाही.