वनव्यवस्थापनातील लोकसहभाग : वाट्यापासून हक्कापर्यंत

केवळ पहारा आणि दंड यांच्या बळावर वने राखता येत नाहीत, हा धडा भारतीय वनप्रशासनाला पश्चिम बंगालमधील मिदनापूर भागाने दिला. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील आराबारी परिसरातील साल वृक्षांचे वन जवळजवळ उजाड झाले होते. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे लाकूड तोडून बाजारात विकत आणि त्यावर गुजराण करीत. दुसरे साधनच नसल्याने दंडाची भीती त्यांना रोखू शकत नव्हती. १९७२ च्या सुमारास वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी ११ गावांतील ६१८ कुटुंबांशी बोलणी करून सुमारे १,२७२ हेक्टर वन त्यांच्या राखणीखाली दिले. मोबदल्यात वनीकरणाच्या कामांवर रोजगार, सरपण व चारा गोळा करण्याची मुभा आणि सालाच्या विक्रीतून मिळणाऱ्या निव्वळ उत्पन्नात २५ टक्के वाटा देण्याचे ठरले.

या प्रयोगाच्या यशामागे एक नैसर्गिक कारणही होते. साल तोडला तरी त्याची मुळे जिवंत राहतात आणि खुंटाला नवे धुमारे फुटतात. त्यामुळे नव्याने लागवड करण्यापेक्षा कुऱ्हाड आणि मोकाट चराई थांबविणे अधिक महत्त्वाचे होते, व ते काम गावकरीच करू शकत होते. जेथे मुळेच शिल्लक नाहीत, तेथे हाच नमुना जसाच्या तसा लागू पडत नाही, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने महसुलापेक्षा पर्यावरणीय संतुलनाला आणि वनालगतच्या लोकांच्या गरजांना अग्रक्रम दिला. त्या धोरणाच्या अनुषंगाने १ जून १९९० रोजी केंद्र शासनाने राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठविल्या आणि ‘संयुक्त वन व्यवस्थापन’ ही संकल्पना देशभर रुजू लागली. पुढील दीड दशकात समित्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली व त्यांच्याकडील क्षेत्र सुमारे २.२ कोटी हेक्टरपर्यंत पोहोचले.

विस्तार मोठा होता. पाया मात्र कच्चा होता. समिती शासकीय आदेशाने स्थापन होई आणि आदेशानेच बरखास्तही होऊ शके. अनेक राज्यांत सदस्य-सचिव वन खात्याचाच कर्मचारी असे आणि निधीचे खाते त्याच्या संयुक्त स्वाक्षरीने चाले. लाकडातील वाटा अनेक वर्षांनी एकदा मिळे. घर मात्र पाने, मोहफुले, सरपण यांवर रोज चालत असे. म्हणूनच कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचा भार प्रथम स्त्रियांवर पडला, कारण सरपणासाठी त्यांना अधिक दूर जावे लागले. ज्या समितीने निर्बंध ठरविले, तिच्यात त्यांचा आवाज बहुधा क्षीणच होता. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात व नेपाळमधील समित्यांच्या अभ्यासातून दाखविले, की कार्यकारिणीत स्त्रियांची संख्या पुरेशी असेल तेथे वनाची स्थितीही सुधारते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या संबंधाचे स्वरूपच बदलले. कलम ३(१) अन्वये सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करणे हा वैधानिक हक्क ठरला आणि गौण वनोपजावर मालकी मिळाली. सवलत देणारा ती काढून घेऊ शकतो. हक्काच्या बाबतीत तसे होत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना अडला, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येत होता, तर वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज आहे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेला मिळाले. २०१२ च्या सुधारित नियमांनी ही तरतूद देशभर लागू केली. परीक्षार्थींनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा : २०१७ मध्ये १९२७ च्या अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो वनाबाहेरील बांबूसाठी, वनातील बांबूवरील ग्रामसभेचा हक्क २००६ च्या कायद्यातून येतो.

मालकी मिळाली म्हणजे भाव मिळाला, असे मात्र होत नाही. मोहफुले वेचणारे कुटुंब साठवणुकीची सोय नसल्याने आणि पैशाची निकड असल्याने ती हंगामातच, पडत्या भावाने विकते. काही महिन्यांनी तीच फुले त्याला चढ्या दराने विकत घ्यावी लागतात. ही कोंडी फोडण्यासाठी केंद्र शासनाने २०१३-१४ पासून गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, आणि २०१८ मध्ये वेचणाऱ्यांच्या गटांमार्फत वनोपज वाळविणे, निवडणे व त्यावर प्रक्रिया करणे यांसाठी वन धन केंद्रांची जोड दिली.