चिनी जन्मपत्रिका आणि स्वभाववर्णन

चिनी जन्मपत्रिका ही जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांवरून व्यक्तीचा स्वभाव व आयुष्यक्रम सांगण्याची पूर्व आशियातील एक परंपरागत पद्धत होय. चिनी भाषेत तिला 'बा-त्सी' म्हणजे 'आठ अक्षरे' असे म्हणतात. मराठी वाचकाला 'उंदराचे वर्ष', 'वाघाचे वर्ष' अशा वर्तमानपत्री राशिभविष्यातून तिची ओळख झालेली असते. परंतु वर्षाचा प्राणी हा या पत्रिकेचा केवळ आठवा भाग आहे.

== मांडणी ==
पत्रिकेत वर्ष, महिना, दिवस व वेळ असे चार स्तंभ असतात आणि प्रत्येक स्तंभात दोन अक्षरे असतात. वरचे अक्षर दहा 'खोडां'पैकी एक असते. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल या पाच तत्त्वांची यांग (प्रखर) व यिन (सौम्य) अशी दोन-दोन रूपे मिळून ही दहा खोडे होतात. खालचे अक्षर बारा 'शाखां'पैकी एक असून उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा व डुक्कर हे प्राणी या शाखांशी जोडलेले आहेत. खोड आणि शाखा एकेक घर पुढे सरकत गेल्या की साठ जोड्यांनंतर पहिली जोडी पुन्हा येते. आपल्या पंचांगातील प्रभवादी संवत्सरांचे चक्रही साठ वर्षांचेच आहे.

प्राण्यांवरून माणसाचा मेळ पाहणे मराठी समाजालाही नवे नाही. पंचांगातील अवकहडा चक्रात प्रत्येक नक्षत्राला योनी दिलेली असते आणि अश्व, गज, सर्प, मार्जार, मूषक, व्याघ्र अशा चौदा योनींवरून विवाहाचे गुणमेलन केले जाते. दोन्ही पद्धतींत मूलभूत फरक मात्र आहे. भारतीय कुंडली जन्मवेळच्या आकाशातील ग्रहांची स्थाने मांडते. बा-त्सीमध्ये ग्रह नसतातच. ती सूर्याच्या वार्षिक गतीवर बांधलेल्या कालगणनेतून निघते. पाच तत्त्वांचीही आपल्या पंचमहाभूतांशी गल्लत करू नये. येथे वायू व आकाश नाहीत, आणि तत्त्वे ही घटकद्रव्यांपेक्षा अवस्था म्हणून कल्पिलेली आहेत. जल काष्ठाला पोसते, काष्ठ अग्नीला. धातू काष्ठाला छेदतो, जल अग्नीला विझवते.

== एक उदाहरण ==
सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला. १८३१ हे सशाचे वर्ष असल्याने त्यांना 'सशा'च्या गटात टाकण्याचा मोह होईल, पण ते चूक ठरेल. बा-त्सीचे वर्ष ४ फेब्रुवारीच्या सुमारास बदलते आणि चिनी नववर्षाचा सणही २१ जानेवारीपूर्वी येत नाही. म्हणून जानेवारीच्या आरंभी जन्मलेली व्यक्ती आधीच्या वर्षात मोजली जाते. त्यानुसार सावित्रीबाईंचा वर्षस्तंभ यांग धातू-वाघ, मासस्तंभ यांग पृथ्वी-उंदीर आणि दिनस्तंभ यांग काष्ठ-कुत्रा असा येतो. जन्मवेळ ज्ञात नसल्याने चौथा स्तंभ रिकामा राहतो.

दिनस्तंभाचे खोड हे 'स्वतःचे' अक्षर मानले जाते. दिवसाला केंद्रस्थानी ठेवणारी ही रीत परंपरेने दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या श्यु त्झपिंग यांच्या नावाशी जोडली जाते. त्यापूर्वी वर्षस्तंभाला अधिक महत्त्व होते. यांग काष्ठ म्हणजे उंच, सरळ वाढणारा वृक्ष. जन्म हिवाळ्यातील उंदराच्या महिन्यात, म्हणजे जलतत्त्वाच्या काळात, झाल्याने हा वृक्ष पोसला जातो आणि वर्षातील धातू त्यावर घाव घालतो. अशा व्यक्तीला जाणकार ताठ कण्याची, विरोध सोसूनही वाढणारी, इतरांना सावली देणारी ठरवतील. जोतीराव फुले यांचे जन्मवर्ष १८२७ हे यिन अग्नी-डुकराचे, आणि वाघ व डुक्कर यांची जोडी चिनी गणितात अनुकूल मानली जाते. मराठीत डुक्कर ही शिवी असली तरी चीनमध्ये ते समृद्धीचे चिन्ह आहे.

हे वर्णन चपखल वाटते खरे. पण ते वाचणाऱ्याला सावित्रीबाईंचे चरित्र आधीच ठाऊक असते. चरित्र विसरून केवळ स्तंभ पाहिले, तर त्याच वृक्षातून हट्टीपणा आणि त्याच धातूतून खचलेले मनही तितक्याच सहजतेने काढता आले असते. शिवाय एकूण शक्य पत्रिका ६० × १२ × ६० × १२, म्हणजे ५,१८,४०० एवढ्याच आहेत. भारताची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर ढोबळ मानाने एकेका पत्रिकेच्या वाट्याला २,७०० माणसे येतात.

== वर्णन पटते का? ==
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना त्यांचे 'व्यक्तिगत' स्वभाववर्णन दिले व ते कितपत जुळते ते विचारले. विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता आणि त्यातील बहुतेक वाक्ये एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. वर्णन ऐकणाऱ्याला पटणे हा म्हणूनच पुरावा ठरत नाही.

== पुण्यातील चाचणी ==
पत्रिकेवरून माणसाचा एखादा गुण ओळखता येतो का, याची महाराष्ट्रातील सर्वांत काटेकोर तपासणी जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी केली. तिचा अहवाल २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिक अक्षम मुले अशा २०० जणांच्या कुंडल्या मांडल्या गेल्या. सहभागी ज्योतिषांपैकी प्रत्येकाला त्यांतील ४० कुंडल्या पाठवून कोणती कोणत्या गटातील हे विचारण्यात आले. उत्तरे पाठवणारे ज्योतिषी २७ होते. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर येतात. ज्योतिषांची सरासरी सुमारे ४६ टक्के आली. यश सिद्ध होण्यासाठी ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर यावीत, असे ठरले होते. सर्वाधिक गुण २४ होते. सर्व २०० कुंडल्या तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली.

ही चाचणी भारतीय कुंडलीची होती, त्यामुळे तिचा निकाल बा-त्सीला जसाच्या तसा लावता येत नाही. चाचणीची रीत मात्र तीच वापरता येईल, कारण तिच्यात ज्योतिषाला माणसाचे चरित्र आधी ठाऊक नसते.

== जन्मवेळेची अडचण ==
दिवस चुकला की 'स्वतःचे' अक्षरच चुकते. ग्रामीण महाराष्ट्रात, लाखनी-साकोलीसारख्या भागातही, जुन्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली असते. दाखलखारीज रजिस्टरात १ जून किंवा १ जुलै या तारखा वारंवार आढळतात त्या यामुळेच. अशा तारखेवरून काढलेली पत्रिका गणिताने बिनचूक असली, तरी ती त्या माणसाची नसते.

== सामाजिक परिणाम ==
आपल्याकडे मंगळाची पत्रिका किंवा मूळ नक्षत्र यांचा जाच प्रामुख्याने मुलीच्या लग्नात होतो. जपानमध्ये यांग अग्नी-घोड्याच्या वर्षी जन्मलेली स्त्री तापट व पतीला घातक असते, अशी समजूत आहे. १९६५ मध्ये तेथे सुमारे १८.२ लाख बालके जन्मली. अग्नी-घोड्याच्या १९६६ या वर्षी हा आकडा १३.६ लाखांवर घसरला आणि १९६७ मध्ये १९.४ लाखांवर गेला. साठ वर्षांच्या चक्रानुसार १७ फेब्रुवारी २०२६ पासूनचे चिनी वर्ष पुन्हा अग्नी-घोड्याचे आहे.