बेदाण्याला थांबता आलं पाहिजे

शिऱ्यात घालायला आपण बेदाणे आणतो, तेव्हा ते कुठले, असं दुकानदाराला विचारतो का? आमच्या वन्सं तासगाव तालुक्यात दिलेल्या, त्यामुळे मला ती सवय लागली. दुकानदार कधी सांगतो "सांगलीचे", कधी "अफगाणी", आणि कधी नुसताच हसतो.

बाहेरच्या बेदाण्यावर जबर आयात शुल्क आहे. अफगाणिस्तानच्या मालाला मात्र सार्क देशांच्या करारामुळे सवलत मिळते. अफगाणी माल आपल्याकडे पूर्वापार येतो, त्याला वन्सं नावं ठेवत नाहीत. त्यांचा राग चिनी बेदाण्यावर! तो अफगाणिस्तानचा म्हणून शुल्क चुकवून येतो, अशी ओरड २०२५ मध्ये बागायतदारांनी केली. राज्य सरकारनंही केंद्राला पत्र लिहिलं.

आता बेदाणा म्हणजे काय, द्राक्षं वाळवली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण आधी घड पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, मग शेडमध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरायचे आणि पंधरवडाभर आभाळाकडे बघत बसायचं. मध्येच वळीव आला, की रंग गेला. रंग गेला, की भाव गेला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पुढं काड्या काढणं, निवडणं, हिरवा-पिवळा-काळा वेगळा करणं, हे सगळं बहुतेक बायकांच्या हातून होतं. संध्याकाळी पाठ सरळ होत नाही.

माल पेटीत भरला, की घरात हिशेब सुरू. औषध दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, जूनमध्ये पोरांच्या फिया. नेमका तेव्हाच स्वस्त माल बाजारात उतरला, तर सौद्यात मिळेल त्या भावाला पेटी सोडावी लागते. व्यापाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं!

आयात शुल्क दिल्लीत ठरतं. वन्संच्या गावच्या ग्रामसभेत चिनी बेदाण्याविरुद्ध ठराव आला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "चीनला पाठवा पोस्टानं." सगळे हसले. ठराव झाला, वर पाठवला. तो पाठवायलाच हवा होता, असं माझं मत. गावोगावचे कागद साठल्याशिवाय वरचं टेबल हलत नाही.

पण त्याआधी महिला सभेत वन्सं बोलल्या, ते मला जास्त पटलं. (ग्रामसभेआधी बायकांची सभा घ्यावीच लागते. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरात होते, ते सोडा.) त्या म्हणाल्या, "चीनचं काय करायचं ते करा, पण आम्हाला जूनमध्येच माल विकायला लागू नये, एवढं बघा."

त्यासाठी सोय आहे. बाजार समित्यांमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना चालते, तिच्यात बेदाणाही आहे. माल गोदामात ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या काही हिश्श्याइतकं कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी उचलायचं. पण कागद शेतमालकाचे लागतात, आणि सातबारा बहुतेक घरांत बाईच्या नावावर नसतो. मग ही योजना बाईपर्यंत पोचणार कशी? वन्संनी मागितलं ते एवढंच : बाजार समितीचा माणूस हंगामाआधी गावात बोलवा, कागद इथंच भरून घ्या, आणि त्या बैठकीला नवरा-बायको दोघांना बसवा.

दुसरी मागणी पोरांसाठी. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्चायचा असतो. त्यातून अंगणवाडीत गावचाच मूठभर बेदाणा का नको? यावर सरपंच "बघू" म्हणाले.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आपण सुटा बेदाणा कागदाच्या पुडीत घेतो, त्यावर मानांकन दिसणार कुठं?

बाजार समितीचा माणूस मात्र फेब्रुवारीत येऊन गेला. वन्संच्या पेट्या अजून गोदामातच आहेत. परवा फोनवर भाव विचारला, तर म्हणाल्या, "वहिनी, दिवाळी जवळ येऊ दे की."