उणे सातची बाकी कोणी ठरवली?

उणे 7 ला 3 ने भागलं तर बाकी किती? जावा सांगते उणे 1, पायथॉन सांगते 2. दोन्ही बरोबर. भागाकार उणे 2 धरला तर उणे 1 उरते, उणे 3 धरला तर 2. कुठला भागाकार धरायचा, हे भाषा घडवणाऱ्या माणसांनी आपापल्या गरजेप्रमाणे ठरवलं.

सी भाषेच्या 1989 च्या प्रमाणानं हा प्रश्न मुद्दाम मोकळा ठेवला होता. उणे संख्यांसाठी वेगळी तपासणी घातली तर प्रोग्राम मंदावेल, ही धास्ती होती. पण फोरट्रान कायम शून्याच्या दिशेनंच तोडत आली होती, आणि आकडेमोड करणाऱ्यांना तो जादा भार चालत होता. त्यांचे प्रोग्राम सीमध्ये आणणं सोपं जावं, म्हणून 1999 च्या प्रमाणात तोच नियम सक्तीचा झाला.

पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम उलट्या बाजूला गेले. त्यांनी दाखला दिला तो वेळेचा. युनिक्स 1 जानेवारी 1970 पासून सेकंद मोजतं. त्या आकड्याला 86,400 ने भागलं की बाकी म्हणजे दिवसातली वेळ. आदल्या रात्रीचे अकरा म्हणजे उणे 3,600 सेकंद. पायथॉनची बाकी येते 82,800, म्हणजे चोख तेवीस तास. शून्याकडे तोडलं तर उरतात उणे 3,600, आणि अशी वेळ कुठल्याच घड्याळात नसते.

हाच नियम फ्लोटिंग पॉइंटमध्ये अडखळतो. दशांशचिन्हापुढे 99 शून्यं आणि मग 1, अशी उणे संख्या 1 ने भागा. बाकी 1 हून किंचित कमी हवी, पण इतके अंक मावत नाहीत आणि पायथॉन 1.0 देते. बाकी चक्क भाजकाएवढी! म्हणून अशा संख्यांसाठी पायथॉनची माहितीपुस्तिकाच शून्याकडे तोडणारं ‘एफमॉड’ सुचवते.

इंटेलच्या 1980 च्या 8087 चिपमधली बाकीही शून्याकडे तोडणारीच. पुढे 1985 च्या आयईईई 754 प्रमाणानं सर्वांत जवळचा पूर्णांक भागाकार घ्यायला सांगितलं. त्यात 5 ला 3 ने भागल्यावर बाकी येते उणे 1. जुने प्रोग्राम मोडायचे नव्हते, म्हणून इंटेलनं 80387 मध्ये जुनी आज्ञा तशीच ठेवून शेजारी नवी दिली.

एडा आणि हॅस्केल या भाषा पूर्णांकांच्या दोन्ही बाक्या वेगवेगळ्या नावांनी देतात. मला हीच रीत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण कुठली बाकी हवी याचा विचार तिथे प्रोग्रामरला आधीच करावा लागतो.